लोहारूच्या वाळूत निधीचा तंबू

लक्ष्मीबाई नगरात आंधीची, धुळीच्या वादळाची, चाहूल लागली की सगळ्यांत आधी खिडक्या बंद होत त्या दीनानाथ सबनिसांच्या. सातारचा हा माणूस नोकरीपायी दिल्लीत आला, मंत्रालयात चिकटला आणि इथली धूळ त्याची जन्माची वैरीण झाली. कारण धाकटी निधी. तिला लहानपणापासून दमा. मे महिन्यात आकाश पिवळं पडायला लागलं, की दीनानाथ ऑफिसातून तडक घरी येत, फटींत ओली फडकी कोंबत, दारांखाली चादरी सरकवत आणि पोरीच्या उशाशी बसून राहत. शेजारचे म्हणत, "सबनीस साहब के घर में धूल को भी परमिशन लेनी पड़ती है." दीनानाथांना ते ऐकायला आवडायचं.

तीच निधी आता पक्ष्यांवर संशोधन करत होती आणि हरियाणाच्या टोकाला, लोहारूजवळच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये तंबू ठोकून राहिली होती. चंडोल जमिनीवर घरटी कुठे आणि कशी करतात, ते तिला पाहायचं होतं. भर मे महिन्यात. दीनानाथांनी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोलाही धरला. पोरीने बॅग भरली आणि ती गेली.

शेवटी एका रविवारी ते आणि त्यांची पत्नी अरुणाताई पहाटेच गाडी काढून निघाले. डिकीत चिकटपट्टीची भेंडोळी, जुन्या चादरी, प्लास्टिकचे कागद असा सगळा दारूगोळा होता.

"अहो, ती तिथे महिनाभर राहतेय," अरुणाताई म्हणाल्या. "जिवंत आहे ना?"

"नशिबाने," दीनानाथ म्हणाले.

रोहतक, भिवानी मागे पडलं. शेतं विरळ होत गेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूचे टिब्बे दिसायला लागले. निधी वाटेवरच उभी होती. उन्हाने रापलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या हातातलं चिकटपट्टीचं भेंडोळं पाहिलं आणि खळखळून हसली.

"बाबा, हे काय! तंबूला पार्सल करायचंय का?"

तिचा तंबू टिब्ब्यावर नव्हता, तसा त्याच्या पायथ्याशीही नव्हता. थोडं बाजूला, जाळ नावाच्या तिथल्या दाट झुडपांच्या आडोशाला, कडक जमिनीवर होता. दार पूर्वेला, वाऱ्याकडे पाठ करून. पलीकडे अनुष्का आणि तनया या तिच्या दोन ज्युनियर मुलींचा तंबू होता. त्या कालच आल्या होत्या आणि टिब्ब्यावरून सूर्यास्त छान दिसतो म्हणून तो त्यांनी वर, पश्चिमेकडे तोंड करून लावला होता. "सांगितलं मी," निधी हळूच म्हणाली, "पण पहिल्या दिवशी कोण ऐकतं?"

दीनानाथ वाकून आत शिरायला लागले, तशी तिने दंड धरला.

"चपला बाहेर. कपडे झटका. आधी ही चेन, मग आतली. दोन्ही एकदम उघडायच्या नाहीत."

बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामध्ये दोघा-तिघांना दाटीवाटीने उकिडवं बसता येईल एवढी जागा होती.

"ही पडवी म्हणायची," दीनानाथ म्हणाले.

"पडवी? अच्छा, मस्त शब्द आहे. मी आतापर्यंत 'बीचवाली जगह' म्हणत होते."

आतल्या जाळीवर तिने जाड सुती चादर चिमट्यांनी ताणून बसवली होती. बाहेरच्या कापडाच्या कडा वाळूत पुरल्या होत्या. खुंट्या वाळूत टिकत नाहीत म्हणून पिशव्यांत वाळू भरून, त्या खोल पुरून त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. अंथरूण, वह्या, दुर्बीण, सगळं बंद पिशव्यांत. दीनानाथांनी सवयीने एका पेटीवर बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. स्वच्छ होतं. फक्त वरच्या कोपऱ्यातली उघडी फट त्यांना खटकली.

"हे राहून गेलं वाटतं. थांब, पट्टी लावतो."

"राहू दे, बाबा. ती मुद्दाम ठेवलीय. वाऱ्याच्या उलट्या बाजूला आहे ना."

"फट मुद्दाम?"

"ही खोली नाही, कापड आहे. पूर्ण बंद केलं तर वाऱ्याबरोबर फुगतं, आपटतं, आणि प्रत्येक शिवणीतून धूळ आत ओढतं. शिवाय आत श्वास कोंडतो. माझा तर आधी."

दीनानाथांना ते पटलं नाही. उभं आयुष्य फटी बुजवण्यात गेलेल्या माणसाला ते पटणार कसं?

दुपारची भाकरी खाऊन होते न होते तोच पाखरं एकदम गप्प झाली. पश्चिमेला क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली होती आणि बघता बघता पुढे सरकत होती. निधीने भांडी आत घेतली, दम्याच्या पंपातून औषध ओढलं, आईबाबांना तंबूत बसवलं आणि टिब्ब्याकडे तोंड करून ओरडली, "अनुष्का! तनया! नीचे आओ, अभी!" त्या सामान आवरत बसल्या होत्या.

मग आंधी आली. ऊन विझल्यासारखं झालं. कापड गडगडायला लागलं, दांडे वाकून पुन्हा सरळ होत होते. दीनानाथांचा हात नकळत त्या फटीकडे गेला. अरुणाताईंनी तो धरून खाली घेतला.

तेवढ्यात वाऱ्यातून किंकाळी आली. "दीदी, टेंट गया!"

निधीने मास्क चढवला, डोळ्यांवर गॉगल ओढला, ओला गमछा तोंडाभोवती गुंडाळला.

"निधी, तू नाही जायचं," दीनानाथ म्हणाले. "मी जातो."

"तुम्हाला वाट माहीत नाही, बाबा. तुम्ही दार सांभाळा." ती पडवीत सरकली आणि आतली चेन लावता लावता म्हणाली, "मी हाक मारल्याशिवाय उघडू नका. प्लीज."

आतून ती चेन धरून दीनानाथ गुडघ्यांवर बसून राहिले. तिच्या आजारपणात त्यांनी पुष्कळ वाट पाहिली होती, पण तेव्हा पोरगी डोळ्यांसमोर असे. आता बाहेर नुसता घोंघावणारा काळोख आणि तो अडवायला एक पातळ कापड.

केव्हातरी बाहेरची चेन करकरली. खोकल्याचे, रडण्याचे आवाज. दीनानाथांनी आतली चेन ओढायला घेतली आणि बाहेरून निधीचा आवाज आला, खणखणीत.

"बाबा, अजून नाही! सब पडवी में ही रुको. पहले बाहर की चेन. तनया, दुपट्टा उतार. बाल झाड. अनुष्का, जूते."

रडतही त्या दोघी ऐकत होत्या. त्या आवाजाचं न ऐकणं शक्यच नव्हतं. दीनानाथांच्या ऑफिसात असा आवाज असलेला एकही साहेब त्यांनी पाहिला नव्हता.

"हां बाबा, आता. एकेकीला घ्या."

त्यांनी चेन वीतभर उघडली, एकीला ओढून घेतलं, बंद केली. पुन्हा उघडली, दुसरी आली. मग निधी. गमछ्याखालचा तिचा चेहरा घामाने डबडबला होता, पण श्वास लागला नव्हता. ती भिंतीला न टेकता मधोमध बसली, डोळे मिटले आणि संथपणे श्वास घेत राहिली. दीनानाथ त्या छातीचं वरखाली होणं पाहत होते. घरी बंद खिडक्यांच्या आत हाच श्वास शिट्टीसारखा वाजताना त्यांनी ऐकला होता. इथे तो वाजत नव्हता. वरच्या फटीतून थोडी थोडी हवा येत होती आणि पाच माणसांना पुरत होती.

अरुणाताईंनी मुलींचे डोळे पाण्याने धुऊन दिले. तनया हुंदके देत म्हणाली, "आंटी, दीदी हमें हाथ पकड़कर लाईं. मुझे तो अपना ही हाथ नहीं दिख रहा था."

"तिला दिसत होता," दीनानाथ म्हणाले.

आंधी ओसरली तेव्हा वर टिब्ब्यावर मुलींच्या तंबूची नुसती एक दोरी उरली होती. बाकीचं कापड दूर बाभळीला लोंबत होतं. निधीच्या झुडपांवर मात्र वाळूचा थर चढला होता, आणि आत पेट्यांवर बोट फिरवलं तर जेमतेम एक पुसट रेघ उमटत होती.

खालच्या ढाणीतली, म्हणजे चार घरांच्या वस्तीतली, एक म्हातारी काठी टेकत चौकशीला आली. एकाच तंबूतून पाच जणं धडधाकट बाहेर आलेली पाहून ती तोंडावर पदर घेऊन हसली.

"यो तंबू किसने गाड्या?" कुणी ठोकला, असं ती विचारत होती.

"मेरी बेटी ने," दीनानाथ म्हणाले. म्हातारीला नीट ऐकू आलं असावं, तरी त्यांनी पुन्हा सांगितलं, "मेरी बेटी ने, अम्मा. ये जो खड़ी है."

निधी लाजली आणि बाभळीकडे निघाली. ते कापड सोडवून आणायचं होतं, झुडपांच्या आडोशाला दुसरा तंबू उभा करायचा होता. दीनानाथ बाह्या वर सारून तिच्यामागे गेले.

"अहो, निघायचं ना?" अरुणाताईंनी हाक मारली. "उद्या ऑफिस आहे तुमचं."

"कळवतो मी त्यांना," दीनानाथ न थांबता म्हणाले. "निधी, पिशव्या किती खोल पुरायच्या, ते दाखव बरं मला."