सासनकाठीवरची तार

मी रेडिओ बोलतोय. हसू नका! माझ्या पोटात आता एकही व्हॉल्व्ह धड नाही, पण राग अजून शाबूत आहे.

कोरेगावजवळच्या गावात मला नाथाजीनं आणलं, पलटणीतून रजेवर येताना. मी बॅटरीवर चालायचो. तो लढाईवर परत गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, राहीबाईच्या हवाली झालो. पुढं बेचाळीसची धरपकड सुरू झाली. नाथाजीचा धाकटा भाऊ अर्जुना पलटणीच्या वायरलेस तुकडीतून पळाला आणि भूमिगतांना मिळाला. त्रेचाळीसच्या चैत्रात तो मांडीत गोळी घेऊन घरी आला. राहीबाईनं त्याला माळ्यावर लपवलं.

परदेशातून येणाऱ्या बातम्यांवर बंदी होती. अर्जुना त्या माझ्याकडून ऐकायचा. तो तापानं फणफणला होता आणि मी नुसता खरखरत होतो. राहीबाईला वाटलं, माझी एरियलची तार उंच गेली की आवाज मोकळा होईल. चैत्रातल्या यात्रेसाठी जोतिबाची सासनकाठी, फडक्यांनी सजवलेला उंच बांबू, अंगणात उभी करायची होती. देवाच्या काठीवर कोण संशय घेणार? तिनं फडक्याआड माझी तार थेट टोकाला बांधली आणि काठी उभी करवली.

तिथंच घात झाला. बाहेरचा सूर धरायला माझ्या आत एक सूर सतत घुमत असतो. त्यातला थोडा तारेवाटे बाहेर पाझरतो आणि जवळपासच्या रेडिओत शीळ होऊन वाजतो. तार जितकी उंच, तितकी शीळ लांब जाते.

पाटलांच्या रेडिओत शीळ वाजली. फौजदाराचा मुक्काम नेमका तिथंच होता, आणि गडी पक्का बेरकी. त्यानं तो रेडिओ बैलगाडीत घातला आणि शीळ वाढेल तिकडं दारं फोडत सुटला. शेजारच्या ज्योतिबातात्यांच्या फासळ्या मोडल्या. त्या बिचाऱ्यांकडं रेडिओ नव्हताच!

ओरडा ऐकून अर्जुना कसाबसा खाली आला. तार बघून त्यानं कपाळ बडवलं. "वैनी, ह्यो ऐकतो तवा शीळ बी घालतो! बंद करा त्याला."

"आता बंद करून काय? रेडिओ गाडीत घालून घरं धुंडाळत्यात. शीळ हितनं हालली तर गाडी हालंल का न्हाई?"

"हालंल. पन वैनी..."

"मग गप ऱ्हावा, भावजी. मागल्या दारानं उसात शिरा."

तिनं काठीकडची तार तोडून माझ्याकडचं टोक कमरेला गुंडाळलं, मला बॅटरीसकट पाटीत घातलं, वर शेणी रचल्या. मी चालूच होतो. मला डोक्यावर घेऊन ती ओढ्याकडं निघाली आणि गाडी आमच्या मागं वळली.

ओढ्यात फौजदारानं आणि त्याच्या शिपायांनी गाठलंच.

"अर्जुना कुठाय, सांग!" फौजदारानं बंदुकीचा दस्ता हाणला.

"तुमच्या यंतराला इचारा की!"

दुसऱ्या घावाला तिचं मनगट मोडलं. तिसरा माझ्यावर बसला. हरामखोर, बाईमाणसाला मारतोस? मला ओरडायचं होतं, पण आवाजच गेला. ते तिला लाथा घालत राहिले. तिनं अर्जुनाचा ठिकाणा सांगितला नाही.

सेहेचाळीस साली अर्जुना उजळ माथ्यानं घरी आला. राहीबाईनं ताट मांडलं. उजवा हात वाकडाच राहिला होता. "डाव्या हातानं वाढतीया, भावजी. राग मानू नगासा," ती खालमानेनं म्हणाली. अर्जुनानं भाकरी कपाळाला लावली आणि ढसाढसा रडला.

परवा त्यानं माझ्यासाठी सांगलीहून नवे व्हॉल्व्ह आणलेत. नको रे बाबा, मला राहू दे फडताळात. आधी तिचा हात सरळ होतो का, तेवढं बघ.