बाईंचे बोट आणि लाल चौकट

मित्रांनो, दवाखान्याच्या नोंदणी खोलीत धापा टाकत बसलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत. पडदा मागे कलंडू नये म्हणून त्याला औषधांच्या खोक्याचा टेकू असतो. नवा होतो तेव्हा डॉक्टर मला कोणाला हात लावू देत नसत. आता कोणीही ढकलून आपली पिशवी ठेवते. चालायचेच.

नऊ वर्षे नोंदणीच्या बाईंनी मला वापरले. ज्याला जे औषध सोसत नाही, ते त्या दर भेटीला माझ्यातल्या लाल चौकटीत नव्याने, न चुकता लिहीत. त्या शनिवारी निवृत्त होणार होत्या. नवी मुलगी सोमवारी येणार होती. चौकट एकदा जरी रिकामी राहिली तरी कोणाच्या जिवावर बेतेल, या काळजीने बाईंना घास गोड लागेना.

बाईंच्या जावयाने स्क्रीन रेकॉर्ड करणारे एक फुकटचे साधन माझ्यात घालून दिले. एका वेळी पाचच मिनिटे चालणारे. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत नव्या मुलीसाठी अकरा व्हिडिओ केले. "हे बघ बाळा, आधी इथे दाबायचं. मग इथे." मी तापलो, घरघरलो; पण एकेक शब्द जपला.

शुक्रवारी सिस्टरने ते पाहिले आणि तिला हसू आवरेना. "अहो बाई, इथे म्हणजे कुठे? बाण तर कोपऱ्यात झोपलाय!"

"अगं, बोटाने दाखवलंय की!"

मित्रांनो, ते बोट माझ्या काचेवरून फिरत होते. त्याची ऊब मला कळत होती. पण मला टिपता येते ते फक्त माझ्या आतले.

बाई मटकन बसल्या. "म्हणजे गाढवापुढे वाचली गीता!"

गाढव मीच. मी मनाला लावून घेतले नाही.

शनिवारी, निघण्यापूर्वी, त्या म्हणाल्या, "बाकी राहू दे. लाल चौकट तेवढी नीट होऊ दे." उजव्या हाताने त्यांनी माउस धरला. डावा हात सिस्टरने घट्ट पकडून ठेवला. "हा माझ्याकडे राहू द्या. तुमचा भरवसा नाही." चार मिनिटांत काम झाले.

सोमवारी नव्या मुलीने तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग पहिल्याच आजोबांना विचारले, "कोणतं औषध सोसत नाही तुम्हाला?"

"ते आधीच्या बाईंना ठाऊक आहे."

"आता मलाही सांगा, आजोबा." आणि तिने चौकट भरली.

मित्रांनो, जाणाऱ्या माणसाकडून शिकायचे ते वेळेवर शिकून घ्या. सारा भार आम्हा यंत्रांवर टाकू नका. आणि मला मोडीत काढाल, तेव्हा तो व्हिडिओ आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग खुशाल बंद करा. मी खरेच फार दमलो आहे.