पिवळं पाणी आणि चारशे बारा लाभार्थी

पांढऱ्या एनॅमलच्या टोपात पाणी पिवळं होत होतं आणि शाळेच्या मैदानात जमलेली माणसं टाचा उंचावून ते बघत होती. "निघाली! निघाली!" असा गलका उठला की मागचे पुढे रेटत आणि पुढचे टोपात पडायला येत. टोपासमोर स्टुलावर कावीळ झालेला माणूस हात पुढे धरून बसलेला. धोंडिराम बुवा आधी त्याच्या हातांना वाटीतलं 'शुद्धीचं तीर्थ' चोळत आणि मग तांब्यातून धार सोडत. तांब्यातलं पाणी अगदी नितळ असायचं. हातांवरून खाली उतरलं की तेच हळदीसारखं पिवळं दिसायचं.

"बघा बाप हो!" बुवा ओरडत. "सुई नाही, गोळी नाही, बाटली नाही! डॉक्टर रक्त घेतो, मी नुसती कावीळ घेतो. पित्ताला मी नावानं हाक मारतो. ते बिचारं लाजतं आणि बोटांच्या टोकांतून निमूट बाहेर येतं!"

ज्या पित्ताला बुवा नावानं हाक मारत होते, त्याच पित्तासाठी त्यांनी सकाळी आमच्या डॉक्टरीणबाईंकडून दोन गोळ्या मागून घेतल्या होत्या. हे मी पाहिलं होतं आणि हसलोही होतो. ही १९८४ च्या मे महिन्यातली गोष्ट. अंधेरीतल्या आमच्या सेवा क्लबाचा मी सेक्रेटरी. फाटकावरचा 'भव्य मोफत आरोग्य शिबिर' हा फलक मी रंगवलेला, आणि बुवांना बोलावण्याची अक्कलही माझीच.

आमचा क्लब तसा वाईट नव्हता. वह्या वाटायचो, चष्मे वाटायचो, रक्तदान करायचो. पण उपनगरांतल्या सगळ्या क्लबांमध्ये दर वर्षी एक ढाल असे, आणि ती ज्या उपक्रमाला सगळ्यांत जास्त लाभार्थी, त्याला मिळे. त्यामुळे आम्ही डोकी मोजायला शिकलो होतो. वही दिलेला मुलगा एक लाभार्थी, त्याला घेऊन आलेली आई दुसरी. कोण बरं झालं, कोण शिकलं, हा रकाना अहवालात नव्हताच.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आणि आलं तर गढूळ. कावीळ घरोघर पसरली. आम्ही तपासणी शिबिर ठरवलं. क्लबाची सभासद डॉ. क्षमा रक्त तपासायला तयार झाली. पण सुईचं नाव काढलं की माणसं पळतात, हे आधीच्या शिबिरात दिसलं होतं. दिवसभरात एकोणतीस जण आले होते. आमचे अध्यक्ष सहदेव परुळेकर, हार्डवेअरचं दुकान चालवणारे मालवणी गृहस्थ, बैठकीत माझ्यावर वैतागले होते.

"अरे नंद्या, एकोणतीस? माझ्या दुकानात खिळे घेऊक ह्यापेक्षा जास्त माणसां येतत!"

तेव्हा मी ती युक्ती काढली. धोंडिराम बुवांकडे गर्दी असते ना, मग त्यांनाच शिबिरात बसवू. लोक बुवांसाठी येतील, आपण त्यांना पुढे डॉक्टरांकडे सरकवू. अंधश्रद्धेला लावू विज्ञानाच्या कामाला! माझ्या या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या. क्षमा त्या बैठकीला नव्हती.

एक चूक मात्र त्या टाळ्यांत कोणाच्या लक्षात आली नाही. प्रत्येकाला आम्ही क्लबाचं एक कार्ड देत होतो आणि त्यावर एकच चौकट होती: 'तपासणी झाली'. डॉक्टरांकडे गेलं तरी त्यावर शिक्का, बुवांकडे गेलं तरी तोच शिक्का. मोजायला सोपं म्हणून आम्ही तसं केलं होतं. माणसं बुवांकडे हात धूत, शिक्का मारून घेत आणि तपासणी झाली म्हणून घरी जात. डॉक्टरांच्या टेबलापुढची खुर्ची रिकामीच राहिली.

साडेदहाला बुवा चहाला उठले. क्षमा माझ्याकडे आली आणि दंडाला धरून मला टोपापाशी घेऊन गेली.

"हात पुढे कर."

तिनं वाटीतलं तीर्थ माझ्या हातांना चोळलं आणि तांब्यातली धार सोडली. टोपात पिवळंजर्द पाणी पडलं.

"काय रे, तुला कावीळ झालीये?"

"नाही."

"मग हे काय आहे? यात काय कालवलंय ते मी नंतर सांगते, आधी त्याला उठव. नंदू, लोक माझ्याकडे न येता घरी चाललेत. आत्ता उठव."

मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजता ढालीची समिती यायची होती. मैदान भरलेलं दिसायला हवं होतं.

"क्षमा, बारापर्यंत जाऊ दे. समिती येऊन गेली की मी स्वतः त्याला हाकलतो. नक्की."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. तेवढ्यात तिच्या टेबलावर एक म्हातारा चक्कर येऊन पडला आणि तिला धावावं लागलं. बुवा चहा पिऊन आले आणि पित्ताला पुन्हा नावानं हाका सुरू झाल्या.

सव्वाअकराला माझ्या टेबलापुढे मंजुळा आली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, मासळी विकणारी, वीस-एकवीस वर्षांची. सातवा महिना होता. डोळे इतके पिवळे की मला आधी ते उन्हामुळे तसे दिसतायत असं वाटलं. नवरा चंदू बाजूला उभा होता.

"दादा," तिनं विचारलं, "मी डाक्टरीनबायकं जाव का बुवाकं?"

इतक्या माणसांत हा प्रश्न विचारणारी ती एकटीच. मागे रांग होती. समितीची गाडी वेळेआधीच आली होती आणि परुळेकर फाटकाकडून हात हलवत होते, "नंद्या, गाडी इली! लवकर!" रांग टोपापर्यंत सरळ वाहत राहिली पाहिजे होती. मी कार्ड लिहिलं आणि म्हणालो, "आधी बुवांकडे जा. मग तिकडे."

ती गेली. टोपातलं पाणी पिवळं झालं आणि लोक ओरडले. शिक्का मारून घेऊन ती हसत परतली. माझ्यासमोरून जाताना कार्ड दाखवून म्हणाली, "निंगाली सगली!" आणि फाटकातून बाहेर पडली. डॉक्टरांचं टेबल वीस पावलांवर होतं. मी तिला हाक मारू शकत होतो. मी समितीच्या लोकांना हार घालत होतो.

त्या दिवशी चारशे बारा लाभार्थी झाले. ढाल आम्हाला मिळाली.

दहाव्या दिवशी मंजुळा बेशुद्ध पडली. इस्पितळात नेलं तेव्हा मूल पोटातच गेलं होतं. ती स्वतः तीन आठवडे जगते की जाते अशी पडून होती आणि कशीबशी वाचली. हे मला क्षमाकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, "शिबिराच्या दिवशीच माझ्याकडे आली असती तर काय झालं असतं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. गरोदरपणात कावीळ फार वाईट. पण आपल्याला दहा दिवस मिळाले असते." मी त्यानंतर कित्येक रात्री नीट झोपलो नाही, पण केलंही काही नाही. लाज वाटत होती, म्हणून वेसाव्याला जायचं टाळलं. क्लबात विषय निघाला तेव्हा "दुर्दैवी घटना" असे शब्द वापरले.

जुलैत एका सकाळी चंदू माझ्या दारात उभा राहिला. हातात सुक्या बोंबलांची पुडी होती. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"दादा, हे तुमाला," तो म्हणाला. "मंजुला वाचली ती बुवामुलं. अर्धी कावील त्यानी काढली, म्हनून जीव राहिला. आता माजी भन मथुरा बालंतपनाला आलीय. तिचेपन डोले पिवले झालेत. बुवाचा पत्ता द्या."

दुसरी गरोदर बाई, तेच पिवळे डोळे, आणि तिच्या घरच्यांचा विश्वास बुवापेक्षाही माझ्या शिक्क्यावर.

"तू घरी जा," मी म्हणालो. "मथुराला कुठेही नेऊ नकोस. मी तासाभरात येतो."

मी क्षमाच्या दवाखान्यात गेलो. तिनं दोन बाटल्या भरून दिल्या आणि म्हणाली, "मी येते. पण हे तू करून दाखव."

चंदूच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. बुवाचा माणूस आला म्हणून मला मानानं पाट दिला. मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. पार सुकलेली, साडी अंगावर टांगल्यासारखी. मथुरा आतल्या उंबऱ्यात होती.

मी पांढरं ताट मागितलं. हाताला एका बाटलीतलं पाणी चोळलं आणि दुसऱ्या बाटलीतली धार वरून सोडली. ताट पिवळं झालं. बायकांनी हात जोडले.

"हात जोडू नका," मी म्हणालो. "मला कावीळ नाही. या डॉक्टर आहेत, त्यांनी तपासलंय. चंदू, तू ये."

चंदूच्या हातावरही पिवळं पाणी आलं. मग त्याच्या धडधाकट बापाच्या, मग शेजारच्या एका पोरीच्या.

"पहिल्या बाटलीत आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आहे," मी सांगितलं. "दुसऱ्या बाटलीत पानाला लावतो त्या चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की पाणी पिवळं होतं. कोणाच्याही हातावर होतं, हात नसला तरी ताटात होतं." मी दोन्ही बाटल्या नुसत्या ताटात ओतूनही दाखवल्या. "बुवा टोप पांढरा घेतो, कारण पांढऱ्यावर पिवळं उठून दिसतं. कावीळ रक्तात असते. ती हातातून गळत नाही."

"पन लोकं बरी व्हतात ना?" चंदूचा बाप म्हणाला.

क्षमा पुढे आली. "बहुतेकांची कावीळ आराम केला की महिना-दीड महिन्यात आपोआप उतरते, आजोबा. श्रेय मात्र बुवाला मिळतं. ज्यांची उतरत नाही, ते तक्रार करायला उरत नाहीत."

मंजुळा इतका वेळ ताटाकडे बघत होती. आता तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, हे खोटं हाय, ते तुमाला कवा कललं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काल कळलं, नंतर कळलं, काहीही म्हणता आलं असतं.

"शिबिराच्या दिवशी," मी म्हणालो. "सकाळी साडेदहाला."

"आनि मी कवा आल्ते?"

"सव्वाअकराला."

चंदू माझ्या अंगावर धावून आला तेव्हा तिनंच त्याचा हात धरला. मग भिंतीचा आधार घेत उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि म्हणाली, "मथुरा, ऊठ. डाक्टरीनबायच्या गाडीत बस. मी येते तुझ्यासंगती."

मथुरा अठरा दिवस इस्पितळात होती. ती वाचली, तिची मुलगीही वाचली. मंजुळा माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? ढाल मी परत पाठवायला लावली. परुळेकर चिडले, पण पुढच्या वर्षी अहवालातला लाभार्थ्यांचा रकाना त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला.

तेव्हापासून मी वस्त्यावस्त्यांतून हे पिवळं पाणी करून दाखवत फिरतो. बुवांची नाटकं उघडी पाडतो म्हणून लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो. वाचकहो, तुम्हालाही तेच सांगणं आहे. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा, बाई गरोदर असेल तर त्याच दिवशी. चमत्कार दिसला तर तो स्वतः करून बघा. बहुतेक वेळा तो आंब्याच्या सालीइतकाच सोपा निघतो. आणि बुवाला मांडव घालून देणारा माझ्यासारखा शिकलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला समाजसेवक भेटला, तर मंजुळानं मला अंगणात विचारलं तेच त्याला विचारा. बुवा निदान पोटासाठी खोटं बोलत होता. माझं पोट भरलेलं होतं.