मस्सावाच्या उतारावरची अर्धी ट्यूब

मी एक जुनी सायकलची ट्यूब आहे, मित्रांनो, आणि तीसुद्धा अख्खी नाही. अर्धी. दुसरी अर्धी माझ्या शेजारीच खिळ्याला लटकते, ती माझी बहीण. बघणारे आम्हाला काळ्या चिंध्या म्हणतात. म्हणू देत. असं म्हणणारा एक माणूस आता स्वतःची पँट कशाने बांधतो, ते मी शेवटी सांगणारच आहे.

आमचं गाव अस्मारा, डोंगराच्या पार डोक्यावर. कुठल्या कारखान्यात मला साच्यातून काढलं ते धड आठवत नाही. आठवतं ते वोल्दू बाबांचं दुकान. बाबा सायकली दुरुस्त करतात. तरुणपणी स्वतः शर्यती मारायचे, आता गुडघे गेलेत. त्यांनी मला खोक्यातून काढलं, गालाला लावून बघितलं आणि निळीच्या पुढच्या चाकात बसवलं. निळी म्हणजे त्यांची शर्यतीची सायकल. पातळ पोलादाची, हलकी, आणि नखरेल तर इतकी की विचारू नका.

आठ वर्षं मी तिच्या पोटात होते. आतून दिसायचं काही नाही, पण रस्ता कळायचा. इथे डांबर, इथे खडी, इथे निवडुंगाचा काटा. काट्यांनी मला सात वेळा फोडलं आणि सातही वेळा बाबांनी ठिगळ लावलं. "ही ट्यूब नाही रे, घोरपड आहे," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मी फुगायचे. म्हणजे तशी फुगलेलीच असायचे, पण अजून फुगायचे.

मग एक दिवस हवा भरायच्या वॉलपाशी फाटले. तिथे ठिगळ बसत नाही. बाबांनी कात्री घेतली, वॉल कापून फेकला आणि माझे दोन तुकडे केले. एवढी चाकरी केली त्याचं हे बक्षीस! तीन वर्षं खिळ्यावर धूळ खाल्ली. गल्लीतली पोरं गलोलीसाठी मागायला यायची आणि माझा जीव अर्धा व्हायचा. आधीच अर्धी, त्यात अर्धा.

पण बाबांनी आम्हाला दिलं नाही. त्यांना आमच्याकडून दुसरं काम हवं होतं. शर्यत केरेनला असो, देकेमहारेला असो, मोटारीच्या टपावर सायकली बांधायच्या त्या आम्हीच. सायकल उलटी करायची. सीट टपावरच्या मागच्या पट्टीवर, हँडल पुढच्या पट्टीवर, खाली घोंगडीची घडी. पुढचं चाक काढून मोटारीच्या आत ठेवायचं. चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो चिमटा मग वर आभाळाकडे उघडा राहतो. त्या पायांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे धक्का बसला तरी पाय आत वाकत नाहीत. सीटला मी, हँडलला बहीण. आठाच्या आकड्यासारखे वेढे, ताणून. दांडीवर काहीही आवळायचं नाही. पातळ पोलाद दोराने दबतं, रंग जातो, पोचा येतो. पन्नासेक सायकली आम्ही अशा नेल्या असतील. एकीवर ओरखडा नाही.

आता खरी गोष्ट.

बाबांनी निळी लेतेकिदानला, म्हणजे आमच्या लेतेला, दिली होती. एकोणीस वर्षांची पोरगी, पाय घोड्याचे, तोंड आगीचं. खाली समुद्रकाठी मस्सावाला दुपारी चार वाजता मुलींची शर्यत होती. पहिल्या चौघींना देशाच्या संघात घेणार. लेतेकडे दुसरी सायकल नव्हती, आणि निळीचा चिमटा वाकला तर तसला दुसरा अख्ख्या अस्मारात मिळाला नसता.

तिला घेऊन जाणार होता तिचा केलेता मामा, त्याच्या म्हाताऱ्या फियाटमधून. सोबत मामी, अब्रेहेत. सकाळी दुकानासमोर बाबांनी स्वतः आम्हाला बांधलं. मामा बाजूला उभा राहून हसत होता.

"बाबा, या चिंध्यांनी?" त्याने डिकीतून सुताचा जाडजूड दोर काढला. "या दोरानं मी बकऱ्या नेल्यात, गाद्या नेल्यात, माझ्या मेहुणीच्या लग्नाचं कपाट नेलंय मस्सावापर्यंत. आरसासुद्धा फुटला नाही."

"कपाटाला चिमटा नसतो," बाबा म्हणाले. "तो दोर मध्ये आणायचा नाही. आणि केलेता, ऐक. घाटात नेफासीत नावाचं गाव लागतं, तिथे थांबायचं. तोवर धुक्यातून गेलेले असाल. तिथे प्रत्येक गाठीला हात लावून बघायचा. आधी गाठी, मग कॉफी."

"हो हो, आधी गाठी."

"लेते, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाबा. याला थांबवायची जबाबदारी माझी."

निघालो. दोन गल्ल्या पुढे गेलो आणि फियाटचं बॉनेट टाळ्या वाजवायला लागलं. मामाने गाडी बाजूला घेतली. लेते आणि मामी कोपऱ्यावर पाव घ्यायला उतरल्या. तेवढ्या वेळात या माणसाने काय केलं? हँडलवरून माझ्या बहिणीला सोडलं आणि बॉनेट बांधलं! आणि हँडलच्या जागी? आपला लाडका दोर. तोही हँडलला नाही, निळीच्या दांडीवरून आडवा टाकून दोन्हीकडे आवळला, मेहुणीचं कपाट आवळावं तसा. निळी कण्हली. मी ओरडत होते, पण ट्यूबचं कोण ऐकतं?

लेते पाव घेऊन आली, वर बघितलं. "मामा, हा दोर कशाला?"

"जास्तीचा. असू दे. बस लवकर."

तिला वाटलं, खरंच जास्तीचा. बहीण तिकडे बॉनेटवर आहे हे तिला मागच्या सीटवरून कसं दिसणार? मांडीवर निळीचं पुढचं चाक, त्याआड तिचं तोंड.

अस्मारा संपलं की रस्ता एकदम खाली कोसळतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणावर वळण. त्या दिवशी धुकं असं दाट होतं की मला माझी गाठ दिसेना. दोर भिजला. भिजला तसा आखडला आणि निळीच्या दांडीत रुतला. मामाने खिडकीतून हात काढून दोर चाचपला आणि खूश झाला.

"बघ, बघ! लोखंडासारखा झालाय."

नेफासीत आलं. कॉफी भाजल्याचा वास टपापर्यंत आला.

"मामा, थांब. गाठी बघायच्यात," लेते म्हणाली.

"थांबलो की तुझी मामी कॉफीला बसणार."

"बसणार म्हणजे?" मामी म्हणाली. "माझी मावसबहीण आहे इथे. दारावरून न पिता गेले तर वर्षभर बोलेल."

"ऐकलंस? आणि तुझी मावसबहीण एका कपावर सोडणार आहे का? दुसरा होणार, मग तिसरा. तिसरा न घेता उठलं तर आशीर्वाद टाकून उठल्यासारखं. दोन तास गेले! चारला शर्यत आहे पोरीची."

"कॉफी नको, फक्त गाठी बघू," लेते चिडली.

"गाडी दिसली की ती येणारच रस्त्यावर किटली घेऊन. दोर हाताने बघितला ना मी आत्ता? लोखंड!"

आणि नेफासीत मागे गेलं.

खाली ऊन पडलं होतं. दहा मिनिटांत दोर वाळायला लागला. वाळला तसा सैल पडला. आखडताना त्याने जे ताणून घेतलं होतं ते सगळं सोडून दिलं. आधी एक बोट ढिला, मग चार बोटं. मग निळीच्या दांडीवर तो नुसता पडून राहिला, जेवण झालेल्या माणसासारखा. हँडल मोकळं झालं. आता अख्खी निळी फक्त सीटला धरलेली. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

पहिलं उजवं वळण. निळी डावीकडे सरकली, हँडल पत्र्यावर दणकलं. धाड!

"माकडं!" मामी ओरडली. या घाटात वानरांच्या टोळ्या बसतात आणि गाडीवर उड्या मारतात, हे खरं आहे. मामीने काच खाली केली आणि पावाचा तुकडा बाहेर भिरकावला. "घे बाबा, घे आणि जा!"

डावं वळण. निळी उजवीकडे. धाड!

"अजून आहे वर. मोठा नर दिसतोय," मामा म्हणाला. "काचा लावा. थांबलो तर सगळी टोळी येईल."

मामीने अजून एक तुकडा फेकला. अहो, पाव कुणाला टाकताय! वर माझं सातवं ठिगळ सुटायला लागलं होतं. कडेने उचकटलं, मग टरकन एक चीर गेली. जेवढं ताणता येतं तेवढं ताणले होते मी. प्रत्येक वळणाला निळीचं सगळं वजन माझ्या त्या एका चिरेवर येत होतं. आठ वर्षं ज्या सायकलीला मी आतून उचललं ती आता माझ्या हातून दरीत जाणार होती.

आत लेते कान देऊन बसली होती.

"मामा, हे माकड नाही."

"तुला काय माहीत?"

"उजवं वळण आलं की डावीकडे वाजतं. डावं आलं की उजवीकडे. माकड काय तुझ्या स्टिअरिंगवर नाचतंय?"

पुढे उजवं वळण होतं. ऊन मागून होतं आणि समोरच्या कड्यावर आमची सावली पडली. फियाटची सावली, आणि टपावरून बाजूला, हातभर बाहेर आलेले दोन पाय. निळीचा चिमटा.

लेतेने ती सावली बघितली. "मामा! सायकल बाहेर लटकलीय! थांब!"

तेवढ्यात वळणाच्या पलीकडून भोंगा वाजला. खालून ट्रक चढत होता, डोक्यापेक्षा उंच माल भरलेला, रस्त्याच्या मधोमध. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे ट्रक आमच्या डावीकडून जाणार, आणि चिमटा नेमका त्याच बाजूला.

"उजवीकडे घे! दगडाला घास, पण उजवीकडे घे!"

मामाने स्टिअरिंग ओढलं आणि ब्रेक दाबला. कठड्याचे दगड दारावर खर्रकन घासले. झटक्याने निळी पुढे गेली, मी ताणले, ताणले, आणि एवढंच मनात आलं की घोरपड, बाबा मला घोरपड म्हणाले होते. ट्रक आला. त्याच्या ताडपत्रीचा फटका चिमट्यातल्या ठोकळ्याला बसला, ठोकळा उडाला, खाली पडला आणि ट्रकच्या मागच्या चाकाखाली कटकन फुटला.

ट्रक गेला. मामीच्या हातात उरलेला पाव तसाच.

लेते आधी उतरली. टपावर चढली. चिमट्याच्या दोन्ही पायांमध्ये हाताची बोटं घातली, अंतर मापलं, परत मापलं. मग कपाळ निळीच्या चिमट्याला टेकवलं.

"सरळ आहे," ती म्हणाली. मग तिने मला बघितलं. अर्ध्याहून जास्त फाटलेली. मग हँडल बघितलं. "मामा, इथली दुसरी ट्यूब कुठंय?"

मामा बॉनेटकडे बघायला लागला.

"बॉनेटला? बॉनेटला! बाबांनी बांधलेली सोडून तू..." तिचा आवाज फाटला. "ती सायकल माझी नाहीये, मामा! त्यांची आहे. त्यांनी ती स्वतःच्या मुलाला पण दिली नाही, मला दिली!"

"बॉनेट उघडलं असतं तर..."

"तर तुझा पट्टा होता ना कमरेला!" मामी कडाडली. "काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

मामाने गुपचूप पट्टा काढला आणि बॉनेट त्याने बांधलं. बहीण परत हँडलवर आली. लेतेने माझी फाटलेली बाजू दुमडून आत घेतली, वरून मामीची पांढरी ओढणी गुंडाळली आणि सगळं स्वतः बांधलं. मामा दोर घेऊन उभा होता, एका हाताने पँट धरून.

"याचं काय करू?"

"कमरेला बांध," मामी म्हणाली. "कपाट सांभाळलंय ना त्याने."

मस्सावाला पोचेपर्यंत मामा चार वेळा थांबला आणि चारही वेळा स्वतः उतरून गाठींना हात लावला. कुणी सांगितलं नाही. लेते चौथी आली. मी ते बघितलं नाही, मी टपावर होते. पण मामा पळत आला आणि फियाटच्या पत्र्यावर थापा मारत रडला, तेव्हा मला कळलं.

परत येताना तिघांनी ठरवलं होतं, बाबांना काही सांगायचं नाही. म्हाताऱ्याला कशाला घोर. दुकानात पोचल्यावर बाबांनी लेतेला कुरवाळलं, मग निळीकडे वळले. चिमट्यात बोटं घातली.

"ठोकळा कुठंय?"

बाबांनी दांडीवरची दोराची खूण बघितली. मला हातात घेतलं, सातवं ठिगळ बघितलं. मग हळूच मामाकडे, त्याच्या कमरेकडे बघितलं. सुताचा जाडजूड दोर, पुढे दुहेरी गाठ.

"नेफासीतला थांबला होतात?"

"नाही, बाबा," मामा म्हणाला. "माझी चूक."

बाबा रागावले नाहीत. फाटलेला भाग कापून टाकला, नवा ठोकळा तासला आणि मला खिळ्यावर टांगलं. आता मी अर्धीहूनही आखूड आहे. पण मामा जेव्हा खाली जायला निघतो तेव्हा आपणहून आत येतो आणि म्हणतो, "बाबा, ती आखूडवाली द्या." नेफासीतला थांबतो. आधी गाठी, मग तीन कप कॉफी. फियाटचं बॉनेट अजून त्याच्या पट्ट्यानेच बांधलेलं आहे आणि पँट अजून त्या दोरानेच.

मित्रांनो, टपावर सायकल बांधलीत तर निघताना एकदा बघून भागत नाही. रस्ता बदलतो, हवा बदलते, गाठ बदलते. मध्येच थांबा, खाली उतरा आणि हात लावा. डोळ्यांनी नाही, हाताने. आणि वर काही वाजलं तर माकडाला पाव टाकण्याआधी एकदा आम्हाला विचारा.

मामाला विचारा हवं तर. पावसात भिजून उन्हात आला की आजही तो पाच-पाच मिनिटांनी कमरेला हात लावून बघतो.