ठकूसाठी आणलेली माळ

मी तुळशीची माळ आहे, मूळची एकशेआठ मण्यांची. आधीच सांगून टाकते, माझ्या आयुष्यातली पाच वर्षं एका बोकडाच्या गळ्यात गेली. हसू आलं तर हसून घ्या. पाचाडापासून कशेडीपर्यंत सगळे हसून झालेत.

माझा जन्म आळंदीचा. एका म्हाताऱ्या कारागिराने वाळलेल्या तुळशीच्या काड्या तासून माझे मणी केले. ओवताना तो नामस्मरण करायचा आणि मधूनमधून सुनेला शिव्या द्यायचा. माझ्या स्वभावात दोन्ही थोडं थोडं उतरलंय.

१९५३ साली कोंडाजीने मला विकत घेतलं. कोंडाजी कापडे गावाजवळच्या एका वाडीतला भातशेती करणारा माणूस. त्याची नात ठकू तेव्हा पाळण्यात होती, आणि तिला लहानपणीच देवाच्या मार्गाला लावायचं त्याने मनात घेतलं होतं. माळ घातली की मासमच्छी बंद, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा आणि माळ मरेपर्यंत काढायची नाही. हे सगळं कोंडाजीला पाठ होतं. त्याच्या स्वतःच्या गळ्यात मात्र काहीच नव्हतं.

"मला काय आता सुकट सुटायची नाय," तो बायकोला म्हणाला. "पोरीला अजून चवच ठाव नाय. आताच घालूया."

"तिला दात तरी येऊ देत," राहीबाई म्हणाली. "देव म्हंजे काय, ह्या जिवाला काय कळतंय?"

झालं, मला खुंटीला टांगलं. ठकूला दात आले. मग शिमगा होऊ दे, मग राहीबाईच्या माहेरची जत्रा होऊ दे, मग पावसाळ्यातले खेकडे तरी खाऊ देत पोरीला. ठकूचा बाप येसाजी मुंबईला गिरणीत होता. त्याने पत्र पाठवलं : 'पोरीला फोर्स करू नका. मॅट्रिक झाल्यावर बघू.' वाडीतली शाळा चौथीपर्यंतच होती.

अशी सात वर्षं मी लटकत होते. खुंटीशेजारीच बोंबलांची दोरी असायची. त्या वासाने मी इतकी मुरले, की एखाद्या खऱ्या माळकऱ्याने मला हुंगलं असतं तर लांब फेकलं असतं. मला फार अपमान वाटायचा.

शेवटी महाडचे महिपतबुवा आठवडाभर कीर्तनाला वाडीत आले. कोंडाजीने पडवीत सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, की पोरीला कळायला लागेपर्यंत थांबावं का.

"कळण्याची वाट पाहिलीत तर म्हातारपण येईल," बुवा म्हणाले. "कोंडाजी, माळ गळ्यात पडली की तो जीव देवाचा झाला. कळो न कळो. मग ती काढायचा अधिकार माझाही नाही."

ठकू दाराआडून ऐकत होती. येत्या एकादशीला माळ घालायचं ठरलं. मी खुंटीवर हरखून गेले.

पण राहीबाईने डोळ्याला पदर लावला. आता पोरीला जन्मात मटणाचा तुकडा मिळायचा नाही! मग सगळ्या घराने मिळून ठरवलं, की दशमीला तिला शेवटचं पोटभर मटण घालायचं, आणि त्यासाठी फौजदार कापायचा. फौजदार म्हणजे घरचा बोकड. दाढी होती, चाल रुबाबदार होती, म्हणून ते नाव. त्याची आई मेल्यावर ठकूनेच त्याला आपल्या वाटणीची पेज पाजून वाढवला होता. येसाजी रजा काढून आला. माळेसाठी की मटणासाठी, ते मी सांगत नाही.

"फौजदाराला नका कापू," ठकू म्हणाली.

"अगो, तुझ्यासाठीच हाय ना ते!" राहीबाई म्हणाली.

"मला नको मटण."

"उद्यापासनं नकोच हाय. आज खा."

दशमीच्या सकाळी कोंडाजी अंगणात कोयता परजत होता. राहीबाई मसाला वाटत होती. ठकू हळूच कणगीवर चढली आणि तिने मला खुंटीवरून काढलं. सात वर्षांनी माझा दिवस उजाडला, असं मला वाटलं! पण ती मला घेऊन मागच्या गोठ्यात गेली आणि तिने मला फौजदाराच्या गळ्यात घातलं.

मी किंचाळले असते, पण मला गळा नाही. मग ठकूने बोकडाला मिठी मारली, मध्ये मी चेंगरले, आणि तिची छाती कशी धडधडतेय ते मला कळलं. माझा राग तिथेच संपला.

कोंडाजी आला आणि बघतच राहिला. "काढ ती!"

"मी नाय काढायची. बुवा बोलले, गळ्यात पडली की जीव देवाचा."

"अगो, बोकड हाय तो!" येसाजी ओरडला. "त्याला काय कळतंय?"

"कळायची वाट बघायची नाय. बुवाच बोलले."

बुवा अजून वाडीतच होते, त्यांना बोलावून आणलं. ते फौजदारासमोर बराच वेळ उकिडवे बसले.

"मासमच्छी खातो?"

"नाय," कोंडाजी म्हणाला.

"दारू?"

"नाय." येसाजीने मान दुसरीकडे वळवली.

"खोटं बोलतो?"

"बोलतच नाय, बुवा."

"मग मी काढणारा कोण?" असं म्हणून बुवा तांब्याभर पाणी प्यायले आणि एसटी गाठायला निघून गेले. वाटलेला मसाला बटाट्यात घालून सगळ्यांनी तोंडं पाडून खाल्ला. ठकूने दोनदा वाढून घेतलं. एका घरात दोन माळा एकदम नकोत, असं काहीतरी कारण काढून तिची माळ पुन्हा पुढे ढकलली.

फौजदार माळकरी झाला. एकादशीला राहीबाई त्याला पेज बंद करून रताळ्याची सालं घालायची. भजनाला त्याला पडवीत बांधायचे. तिथे त्याने टाळाची दोरी आणि माझे चार मणी खाल्ले. वाटेने जाणारे आधी चेष्टेने 'रामकृष्णहरी' म्हणायचे, पुढे सवयीने म्हणू लागले. एक माळकरी रीतीप्रमाणे पाया पडायला वाकला, तर फौजदाराने त्याला ढुशी मारली.

गेल्या पावसाळ्यात फौजदार गेला. माती लोटण्याआधी ठकूने मला काढून घेतलं, झऱ्यावर धुतलं आणि खुंटीला लावलं. धुताना ती खूप रडली. मीही रडले असते.

ती आता बारा वर्षांची आहे. मी खुंटीवर येताच घरात पुन्हा सुरू झालं. राहीबाई म्हणते, लग्न होऊ दे, सासरची माणसं कशी निघतील कोण जाणे. येसाजीचं पत्र आलं, की घाई नको.

काल दुपारी कोंडाजी बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग ठकूजवळ जाऊन टेकला.

"ठके, तुलाच इचारतो. घालायची काय गो माळ?"

बारा वर्षं बुवांना विचारलं, पंचांगाला विचारलं, मुंबईला विचारलं. तिला कुणीच विचारलं नव्हतं. ठकूने मला हातात घेतलं आणि जिथे चार मणी गेलेत तिथला दोरा चाचपला.

"उद्या सांगते, आजा. आज सुकट हाय."

कोंडाजी हसला आणि त्याने डोळे पुसले. "बरं. उद्या सांग."

आज तो उद्या आहे. ती अजून काही बोललेली नाही, आणि माझ्यासाठी तिला कुणी घाई करू नये. बोकडाच्या गळ्यात मला जिने घातलं, तिला आपण का घालतोय ते पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या गळ्यातही तिने तसंच घालावं, नाहीतर मी खुंटीवर बरी आहे. चार मणी कमी आहेत. तेवढं तिला चालेल.