चक्कीचा सरळ रस्ता

दुबईहून कायमचे परतल्यावर माझ्या नवऱ्याला, नझीरना, काय सुचावं, तर भंगार गोळा करणं. कोन गावाजवळच्या बंद वीटभट्टीवरून त्यांनी घोड्याची चक्की उचलून आणली. लाकडी पिंपात उभा दांडा, त्याला पाती, वर लांबलचक आडवा वासा. वाशाला जुंपलेला घोडा गोल फिरला की विटांचा चिखल मळला जायचा. आमच्या फार्महाऊसच्या पाहुण्यांना म्हणे हे दाखवायचं. पाहुणे स्विमिंग पूल विचारतात, हे सांगून मी थकले.

भट्टीवाल्या निकेशने सोबत चामड्याची झापडंही दिली. "डोले उघडे ठेवले तर घोडा गरगरतो," तो म्हणाला. "बांधले का त्याला वाटतं, आपुन सरल रस्त्यान चाललोय. मंग थांबत नाय."

दुपारी जेवण झाल्यावर नझीरनी ती झापडं स्वतःच्याच डोळ्यांवर बांधली आणि वासा ढकलायला लागले. मला हसू आवरेना. "शौक फिटला की चहाला या," म्हटलं.

चहा निवला तरी ते फिरतच होते. हाका मारल्या, ओ नाही. शेवटी मी झापडं ओढून काढली. डोळे टक्क उघडे, पण नजर माझ्यावर ठरेना. पाय चालूच.

"अहो, बस करा. मला भीती वाटतेय."

"बिल्कीस? कुठून बोलतेस? आवाज किती लांबून येतोय."

मी हातभर अंतरावर होते. त्यांचा हात धरला, तर बर्फ.

"या अल्लाह! मागे फिरा. घरी चला."

"फार पुढे आलोय गं. तितकंच परत चालावं लागेल."

"मग चालू."

मी त्यांना वळवलं, वाशाला खांदा लावला आणि उलटं ढकलायला लागले. तोंडाने काहीबाही बोलत राहिले, कालच्या बोंबलांबद्दलसुद्धा. हळूहळू त्यांच्या आवाजात जीव आला.

"आता दिसतेस," ते म्हणाले. मला रडूच फुटलं.

मग वासा जड झाला. पिंप रिकामं होतं, तरी जड.

"काय झालं?"

"रस्त्यावर घोडे आहेत, बिल्कीस. त्यांना परत वळवायला कुणी आलंच नव्हतं. आता सगळे माझ्यापुढे घुसतायत."

"त्यांना राहू द्या! तुम्ही या!"

मी जिवाच्या आकांताने ढकललं. मानेवर गरम श्वास आला, तशी मी वळले. नझीर शेजारीच होते, तोंड मिटलेलं, हात अजून गारच. श्वासाला गवताचा वास होता.