मकनीनवरचा जीव

"नवाराबाई, ते तण आज निघालंच पाहिजे," हेडमास्तर सी लख्दर (आमच्याकडचं 'सी' म्हणजे आदराचं 'राव') खिडकीतून मागच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले. "तपासनीस येणार आहेत. ही शाळा आहे की गाढवांचं कुरण?"

मंडळी, आपल्याकडे शाळेचं आवार म्हणजे सिमेंट, चुना आणि झेंडा. त्यात हिरवं काही उगवलं की आपल्यालाच शरमल्यासारखं होतं. चौथीला शिकवणाऱ्या नवाराबाईंनी मात्र त्या भिंतीलगतची काटेरी झुडपं मुद्दाम वाढू दिली होती.

"त्यांचं बी पिकलं की मकनीन येईल, सी लख्दर. थोडं थांबा."

मकनीनचं नाव काढताच हेडमास्तर विरघळले. आमच्या गेल्मा गावात सख्खा भाऊ रुसला तर माणूस विचारत नाही, पण पिंजऱ्यातला मकनीन गायचा थांबला तर त्याला जेवण जात नाही. लाल तोंडाचा, पंखावर पिवळा पट्टा असलेला हा मूठभर पक्षी आमच्याकडे दुकानादुकानांत टांगलेला असतो. रानात मोकळा उडणारा मकनीन मात्र शाळेतल्या एकाही पोराने पाहिलेला नव्हता.

वसंतात तो आला, जोडीने आला. आवारातल्या नारिंगाच्या झाडावर घरटं झालं आणि ते चौथीच्या खिडकीतून नीट दिसायचं. एरवी छप्पर डोक्यावर घेणारी पोरं कुजबुजत बोलू लागली. पिल्लं निघाली त्या दिवशी चौथीतली शहिनाज घरी पळत गेली. तिचे वडील अम्मार न्हावी. त्यांच्या दुकानात आरशांपेक्षा पिंजरे जास्त.

"बाबा, मादी पिल्लांवर बसून राहते. नर दाणे आणतो आणि सगळ्यांना भरवतो!"

"गातो कसा?" अम्मारने विचारलं.

"छान गातो, बाबा. सकाळी तर फारच छान."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली तेव्हा अम्मार इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा. हातात नवा कोरा पिंजरा, वर स्वच्छ फडकं.

"बाई, हे तुमच्यासाठी. आमच्या पोरीला तुम्ही जीव लावलात," असं म्हणून त्याने फडकं काढलं.

आत मकनीन होता. तो गजांवर आपटत होता आणि कपाळाशी रक्त आलं होतं. सी लख्दर खूश झाले. "वा! आता व्हरांड्यात टांगू, सगळ्यांना दिसेल."

नवाराबाई पिंजऱ्यापाशी वाकल्या. "कुठे मिळाला हा?"

"तुमच्याच झाडाखाली. शुक्रवारी नमाजानंतर आलो, माझा गाणारा पक्षी शेजारी ठेवला, काडीला डिंक लावला. त्याचं गाणं ऐकून हा लगेच आला आणि चिकटला बघा. आज ना उद्या कोणीतरी नेलाच असता, बाई. त्यापेक्षा आपल्या माणसांत राहील."

बाई त्याला झाडाखाली घेऊन गेल्या. वर्गातलं स्टूल ठेवलं आणि म्हणाल्या, "चढा."

अम्मार चढला. घरट्यात मादी नव्हती. उघडीवाघडी पिल्लं माना टाकून पडली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"मादी कुठे गेली?" त्याने विचारलं.

"ऊब देत बसली तर खायला कोण आणणार? खायला आणायला गेली तर ऊब कोण देणार? किती वेळ टिकेल बिचारी? गेली सोडून. सी अम्मार, नरच गातो म्हणून तुम्ही नर पकडता. तुमच्या दुकानात जेवढे गातात, तेवढी घरटी तुम्ही कधी मोजलीत?"

"बाई, आम्ही यांच्यावर जीव टाकतो हो!"

"जीव टाकता, म्हणूनच सगळा डोंगर रिकामा झाला. वैर धरून कोणाला हे जमलं नसतं."

शहिनाज मागे उभी होती. ती रडत नव्हती. "बाबा, मीच सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली. अम्मार स्टुलावरून उतरला. त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. पक्षी सरळ भिंतीपलीकडे गेला. झाडाकडे फिरकलासुद्धा नाही.

अम्मारने डिंक आणि जाळी जाळून टाकली. दुकानातल्या पक्ष्यांनाही त्याने दारं उघडून दिली, पण वर्षानुवर्षं आयतं खाल्लेले ते पक्षी बाहेर येऊन पुन्हा आतच जाऊन बसले. ते मरेपर्यंत सांभाळायचे आणि नवा आणायचा नाही, असं त्याने ठरवलं. गिऱ्हाइकांनी टिंगल केली, "काय रे अम्मार, हाजी झालास?" त्याने ऐकून घेतलं.

नागरिकहो, माया असली की हक्क येतो, असं आपण धरूनच चालतो. तसं नसतं. जे आपल्या बागेत विश्वासाने उतरतं, ते आपलं होत नाही. त्याला राहू द्यायचं आणि लांबूनच बघायचं, तेवढाच आपला अधिकार. हे उशिरा कळलं, तर त्याची किंमत दुसरंच कोणी चुकवतं.

पुढच्या वसंतात शाळेतली झुडपं पुन्हा पिकली. एका संध्याकाळी जेवताना अम्मारने विचारलं, "यंदा मकनीन आले का गं शाळेच्या झाडावर?"

शहिनाजने ताटातून मान वर केली नाही. "नाही, बाबा."

अम्मारने तिच्याकडे पाहिलं. पोरीला खोटं बोलता येत नव्हतं, कान लाल झाले होते.

"बरं," तो म्हणाला आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिच्या पुढ्यात ठेवला.